आईच्या कपाळावरची पट्टी

सुमे, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, आईला मेंदूच्या ऑपरेशनसाठी पाच-सहा तास भूल देणार, तेवढ्या वेळात तिच्या मेंदूला ऑक्सिजन मिळतोय का, हे कोण बघणार?" तेव्हा घाईत राहिलं, आता नीट सांगते. मी रोज भुलीच्या डॉक्टरांशेजारीच उभी असते ना.

बोटाला चिमटा लावतात, तो बोटातल्या रक्ताचं सांगतो. बोट ९९ दाखवत असतानाही मेंदू उपाशी राहू शकतो. मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के! बीपी उतरलं, हिमोग्लोबिन कमी पडलं, मान वळून गळ्याच्या शिरा दबल्या, की पहिला फटका त्यालाच. मशीननं श्वास भरभर दिला तर कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यानं सुजलेला मेंदू सैल पडतो, सर्जनला बरं वाटतं. पण अती झालं तर रक्तच कमी पोचतं. हा तोल भुलीचे डॉक्टर मिनिटामिनिटाला सांभाळतात.

काही ठिकाणी कपाळाला चिकटपट्टीसारखे सेन्सर लावतात. तळहाताखाली टॉर्च धरली की हात लाल दिसतो ना, तसाच डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीतून आत जातो, आणि परत आलेल्या प्रकाशावरून तिथल्या ऑक्सिजनचा आकडा कळतो. १९७७ साली जॉब्सिस या शास्त्रज्ञानं ही वाट दाखवली. भूल देण्याआधीचा आकडा लिहून ठेवतात. त्याच्या वीस टक्के खाली घसरला की सगळे सावध होतात. पण पट्टी फक्त तिच्याखालच्या भागाचं सांगते, आणि कपाळाजवळच चीर असेल तर लावताच येत नाही. म्हणून तुमच्याकडे ते मशीन नसलं तर घाबरू नकोस. बीपी आणि कार्बन डायऑक्साइडवर सतत नजर आहे ना, एवढं मात्र विचार. विचारण्यात लाज कसली?

आता तुझं काम. आईच्या कपाळावरचं कुंकू आणि तेल स्वच्छ पूस, नखांचं पॉलिश काढ. बीपीच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेव. कुठली घ्यायची, कुठली थांबवायची, ते त्यांनाच ठरवू दे. आणि मिश्री! ती लपवते, मला ठाऊक आहे. "वहिनींसमोर नको गं" म्हणेल. तिला बाजूला घे, पण डॉक्टरांना खरं सांग.

बुधवारी सकाळी सहाला मी सात रस्त्याला उतरते. तोवर आईजवळ तूच आहेस, सुमे. आज रात्रीच भुलीच्या डॉक्टरांना भेट.