मार्चमध्ये गारा का पडतात?

प्रश्न : लातूरजवळ आमची शेती आहे. मार्चमध्ये पहाटे गारवा, दुपारी उन्हाचा चटका आणि मध्येच गारपीट. मग वसंत नेमका सुरू कधी होतो?

उत्तर : पंचांगात चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने. हवा मात्र पंचांग पाहून बदलत नाही. मार्चमध्ये दुपारी जमीन तापते, समुद्रावरून बाष्प येते आणि उंचावर उत्तरेकडची थंड, कोरडी हवा असते. त्यातून ढग झपाट्याने उंच वाढतात आणि गारा पडतात. २०१४च्या मार्चमध्ये मराठवाड्याने हा तडाखा सोसला आहे. म्हणून काढलेला गहू-हरभरा रानात पसरून ठेवू नका. मळणी लगेच उरका. आणि विजा चमकू लागल्या, तर झाडाखाली अजिबात थांबू नका.