घरगुती व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरसाठी रोहित्र व चोक यांची निवड

निर्वात नलिकांवर, म्हणजे आपल्या बोलीतील व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हातांनी बांधावा, अशी हौस आजही अनेकांना असते. आपल्या माजी विद्यार्थ्यांतही असे हौशी असतील, आणि ज्यांची मुले विज्ञान प्रदर्शनासाठी काही वेगळे करू पाहतात असे पालकही असतील. या जोडणीत सर्वांत महाग भाग लोखंडाचा व तांब्याचा असतो. रोध व कपॅसिटर थोड्या पैशांत बदलता येतात. पण मागणीनुसार गुंडाळून घेतलेले रोहित्र चुकीचे निघाले, तर वाइंडिंगवाला ते सहसा परत घेत नाही. म्हणून लोखंडाची निवड आधी समजून घ्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल ईएल ८४ या व्हॉल्व्हच्या जोडीवर आधारलेला पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायर घेऊ. मुलार्ड या ब्रिटिश कंपनीने १९५०च्या दशकात हौशी लोकांसाठी याच जोडीचा आराखडा प्रसिद्ध केला. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॉट, म्हणून त्याचे नाव '५-१०'. आपण त्यातील एकदिशकारी व्हॉल्व्हच्या जागी सिलिकॉन डायोडचा ब्रिज व पुढच्या टप्प्यासाठी एक ईसीसी ८३ धरू. जोडीला सुमारे ३०० व्होल्ट दिष्ट दाब लागतो. आवाज नसताना ती सुमारे ८० मिलिअँपिअर आणि पूर्ण आवाजात ११५च्या आसपास प्रवाह घेते. हिशेबासाठी १२० धरू.

प्रथम मुख्य रोहित्र. येथे कड्याच्या आकाराचे टोरॉइड रोहित्र मला निःसंशय चांगले वाटते. पोलादाची पट्टी घड्याळाच्या कमानीसारखी सलग गुंडाळून त्याचा गाभा तयार होतो. चुंबकीय प्रवाहाच्या वाटेत कोठेही सांधा नसतो, त्यामुळे बाहेर सांडणारे चुंबकीय क्षेत्र कमी राहते आणि शेजारच्या नाजूक टप्प्यात ५० हर्ट्झची घरघर कमी शिरते. वजनही कमी भरते. त्याची दुय्यम गुंडाळी २३० व्होल्टची घ्यावी. ब्रिज आणि कपॅसिटर यांतून भार असताना ३०० ते ३१० व्होल्ट मिळतात. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कपॅसिटर प्रवाह सलग घेत नाही, लाटेच्या शिखरावर झटक्याने घेतो. म्हणून १२० मिलिअँपिअर दिष्ट प्रवाहासाठी गुंडाळी त्याच्या सुमारे १.८ पट, म्हणजे २२० मिलिअँपिअर सोसणारी हवी. तापतंतूंसाठी ६.३ व्होल्टची वेगळी गुंडाळी लागते. दोन ईएल ८४ प्रत्येकी ०.७६ अँपिअर व ईसीसी ८३ ०.३ अँपिअर घेतात, तेव्हा बेरीज १.८२, ती अडीच अँपिअरची सांगावी. एकूण ८० व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र पुरते.

टोरॉइडच्या दोन खोडी मात्र माहीत असाव्यात. बटण दाबताच ते क्षणभर फार मोठा प्रवाह ओढते. म्हणून मंद वितळणारा फ्यूज लावावा. दुसरी खोड बसवण्याची. मधल्या बोल्टचे वरचे टोक धातूच्या झाकणाला टेकले, तर सांगाडा, बोल्ट आणि झाकण मिळून गाभ्याभोवती एक बंद वेढा तयार होतो. त्यातून प्रचंड प्रवाह वाहतो आणि रोहित्र जळते. बोल्टचे एकच टोक सांगाड्याला लागलेले असावे.

आता चोक. येथेच हौशी माणूस हमखास फसतो. मुख्य रोहित्र टोरॉइड घेतले, दिसायलाही देखणे आहे, तर चोकही तसलाच घ्यावा, असे त्याला वाटते. पण चोकमधून अ‍ॅम्प्लिफायरचा सगळा दिष्ट प्रवाह अखंड जातो, आणि तो गाभ्याला एकाच दिशेने चुंबकित करत राहतो.

हिशेब करून पाहू. ई-आय स्टॅम्पिंगचा, ६ चौरस सेंटिमीटर छेदाचा गाभा घ्या. त्यावर पाव मिलिमीटर जाडीच्या तारेचे २००० वेढे द्या. सगळे 'ई' एका बाजूला व सगळे 'आय' दुसऱ्या बाजूला रचून मध्ये ०.१५ मिलिमीटरचा कागद ठेवा. चुंबकीय प्रवाह हा कागद दोनदा ओलांडतो, म्हणजे एकूण फट ०.३ मिलिमीटर. १२० मिलिअँपिअरला या गाभ्यात सुमारे ०.९ टेस्ला क्षेत्र येते आणि प्रवर्तकता सुमारे ९ हेन्री राहते. कागद काढून टाका, पाने उलटसुलट विणून रचा. गणित १० टेस्ला सांगू लागते. पोलाद तर दोन टेस्लाच्या आसपासच भरून जाते. त्यापुढे ते पोलाद असून नसल्यासारखे, आणि चोक म्हणजे नुसती तारेची गुंडाळी.

सलग पट्टीच्या टोरॉइडला फट नसतेच. म्हणून त्याची गत या बिनकागदाच्या चोकसारखी होते. गंमत अशी की टेबलावरच्या साध्या मीटरने मोजले, तर हाच बिनफटीचा चोक कितीतरी जास्त हेन्री दाखवतो, कारण मीटर दिष्ट प्रवाह सोडत नाही. दुकानात मोठा आकडा पाहून भुलू नये. 'इतक्या मिलिअँपिअरला किती हेन्री?' हा एकच प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले नाही, तर तो चोक घेऊ नये. लोखंडाच्या भुकटीपासून दाबून केलेली कडी बाजारात मिळतात. त्यांत फट कणाकणांत विखुरलेली असते. ती स्विचिंग सप्लायसाठी उत्तम. तेथे काम मिलिहेन्रीत भागते. आपल्याला हेन्री हवेत.

चोकवर एवढा भर का? पहिल्या ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर १२० मिलिअँपिअरला सुमारे २५ व्होल्टची १०० हर्ट्झची लहर उरते. आपला ९ हेन्रीचा चोक व त्यापुढचा तसाच ४७चा कपॅसिटर ती सुमारे १६५ पटींनी घटवून ०.१५ व्होल्टवर आणतात. तारेचा रोध ८५ ओहमच्या आसपास असल्याने दाब फक्त १० व्होल्ट पडतो. तेवढ्याच दाबाचा बळी देणारा साधा ८५ ओहमचा रोध लावला, तर लहर जेमतेम अडीच पट कमी होते. चोकची किंमत या फरकाची आहे.

राहिले लाउडस्पीकरकडचे रोहित्र. ८००० ओहमचा भार ८ ओहमच्या स्पीकरला जोडायचा, म्हणजे वेढ्यांचे गुणोत्तर १०००चे वर्गमूळ, ३१.६. पुश-पुल जोडणीत दोन्ही व्हॉल्व्हचे दिष्ट प्रवाह गाभ्यात विरुद्ध दिशांनी चालून एकमेकांना छेद देतात. म्हणून येथे टोरॉइड चालतो. अट एवढीच की दोन्ही प्रवाह नीट जुळलेले असावेत. अर्ध्या गुंडाळीत १५०० वेढे असतील, तर ५ मिलिअँपिअरचा फरकही सलग पोलादाला संपृक्ततेच्या उंबरठ्याकडे नेतो आणि खर्जाचे स्वर आधी बिघडतात. जुने, वेगवेगळ्या वयाचे व्हॉल्व्ह वापरणार असाल, तर मी ई-आयच घ्या असे म्हणेन. ते असा फरक पुष्कळ सोसतात. एकाच ईएल ८४ वर चालणाऱ्या सिंगल-एन्डेड जोडणीत मात्र सुमारे ४८ मिलिअँपिअर एकाच दिशेने जातात. तेथे चोकप्रमाणेच फट हवी, आणि साधा टोरॉइड वर्ज्य.

जी मुले हे काम हाती घेतील, त्यांच्याजवळ जाणते माणूस असल्याशिवाय वीज जोडू नये. ३०० व्होल्ट दिष्ट दाब जीव घेऊ शकतो, आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. दोन्ही कपॅसिटरांच्या बेरजेवर, ९४ मायक्रोफॅरडवर, २२० किलोओहमचा रोध कायमचा जोडलेला असावा. त्यातून साठा पुरता ओसरायला सुमारे दीड ते दोन मिनिटे लागतात. तोवर थांबावे, आणि नंतरही मीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करूनच आत हात घालावा.