फ्रीडमन्स बँक : उदय, अस्त आणि बोध

आपल्या आयाबाया पदराच्या गाठीला पैसा बांधून संसार सावरत आल्या. तेव्हा बचत आपल्याला नवीन नाही. प्रश्न आहे तो साठवलेला पैसा ठेवायचा कोठे आणि कोणाच्या भरवशावर, हा. यासाठी अमेरिकेतील एका बँकेचा इतिहास सभासदांनी व विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा.

गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी ३ मार्च १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्या स्वाक्षरीने फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापन झाली. जॉन अल्व्हर्ड या धर्मोपदेशकाने त्यासाठी पुढाकार घेतला होता. अवघे पाच सेंटही ठेव म्हणून स्वीकारले जात. सैनिक, मोलकरणी, शेतमजूर, चर्च व मंडळे यांनी खाती उघडली. पाहता पाहता ३७ शाखा झाल्या. लिंकन यांचे नाव जोडलेले असल्याने ही बँक सरकारीच आहे, सरकारची तिला हमी आहे, असा लोकांचा समज झाला. प्रत्यक्षात तशी हमी नव्हतीच.

आरंभी ठेवींचा मोठा भाग सरकारी रोख्यांतच गुंतवण्याचे बंधन होते. १८७० मध्ये कायदा बदलून जमीनजुमल्याच्या तारणावर कर्जे देण्याची मुभा मिळाली आणि घसरण सुरू झाली. अर्थसमितीचे प्रमुख हेन्री कुक यांच्या काळात ओळखीच्या मंडळींना पुरेशा तारणाविना कर्जे गेली. काही शाखांचे हिशेबही धड नव्हते. सप्टेंबर १८७३ मध्ये हेन्रींचे बंधू जे कुक यांची पेढी बुडाली, देशभर मंदी आली आणि ठेवीदारांची रीघ लागली.

मार्च १८७४ मध्ये थोर नेते फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केले गेले. त्यांनी स्वतःचे १०,००० डॉलर बँकेला दिले. पण आतून पोखरलेले घर बाहेरच्या टेकूने सावरत नाही. जून १८७४ अखेर बँक बंद पडली. ६१,००० हून अधिक ठेवीदारांचे सुमारे तीस लाख डॉलर अडकले. पुढे निम्म्याच ठेवीदारांना, तेही सुमारे ६२ टक्के, पैसे मिळाले. बाकीच्यांच्या हाती फक्त पासबुक राहिले. बँकेवरचा विश्वास उडाला, तो पिढ्यान्‌पिढ्या.

मी बँकेत कारकून आहे. ‘आपल्याच माणसांची संस्था आहे, काय विचारायचे?’ असे खिडकीशी येणारे कितीतरी जण म्हणतात. विचारलेच पाहिजे! आपल्याकडे ठेव विमा १९६२ पासून आहे. २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारास पाच लाख रुपये आहे. सहकारी बँकांना तो लागू आहे, पतसंस्थांना मात्र नाही. म्हणून ताळेबंद वाचा, लेखापरीक्षण अहवाल मागा, वार्षिक सभेस हजर राहा आणि कर्जे कोणाला दिली हे उभे राहून विचारा. संस्थेवर प्रेम असणाऱ्याचे ते पहिले कर्तव्य आहे.