बाटली काळी झाली, आता पुढे?

मैत्रिणींनो, जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं, असं ठरलेलं आहे. आपल्या गटांतल्या ज्या ताई हे शिकल्या, त्यांच्यासाठी ही उजळणी. बाकीच्यांनीही वाचा, पाणी सगळ्यांच्याच हंड्यात येतं.

जंतू तपासायची छोटी बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी शोधली, 1982 साली ती जगापुढे आली. नळ दोन-तीन मिनिटं सोडून ठेवा, मग बाटली खुणेपर्यंत भरा. आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये. नाहीतर आपल्याच हाताचे जंतू तपासले जातील! ऊबदार जागी 24 ते 48 तास ठेवा. शौचातून येणारे जंतू असले की त्यांच्या वायूने पाणी काळं पडतं.

काळं झालं तर घाबरायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. पाणी उकळून प्यायचं, जलसुरक्षकाला सांगायचं, टीसीएल पावडर टाकून झाल्यावर पुन्हा तपासायचं. आणि कारण शोधायचं. आपल्या किनाऱ्याच्या वाड्यांत जमीन रेताड, त्यात विहीर आणि संडासाचा शोषखड्डा जवळजवळ. रेतीतून घाण झिरपायला वेळ लागत नाही. खड्डा तसाच राहिला तर पावडर किती दिवस पुरणार?

उकळल्याने जंतू मरतात, खारटपणा जात नाही. नायट्रेटही जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. पेटीतल्या रंगाच्या चाचणीत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर दिसलं, तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात अजिबात वापरू नका.

आता कारखान्यांचं. 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला निळे कुत्रे दिसले, म्हणून सगळीकडे बोभाटा झाला. पण प्रत्येक रसायन असा रंग दाखवत नाही. शिसं, पारा यांसारखे जड धातू आपल्या पेटीला सहसा कळत नाहीत. तळोजा, रोहा, महाड या बाजूच्या गावांनी पेटीवर विसंबू नये. ग्रामपंचायतीमार्फत नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवा आणि "धातूंची तपासणी हवी" असं अर्जात स्पष्ट लिहा.

जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर. रसायनांची एकदा. वहीत तारीख, विहीर किंवा नळाची जागा आणि निकाल लिहा, खाली दोघींच्या सह्या घ्या. ग्रामसभेला जाताना ती वही बरोबर असू द्या.