हमीदा बानू पहिलवान

जत्रा आली की कुस्त्यांचा फड लागतो. आपल्या अंबड तालुक्यात हे कोणाला नवे नाही. माणूस अंतरवाली सराटीचा असो की वडीगोद्रीचा, हलगी वाजली की त्याचे पाय तिकडे वळतात. आधी पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या होतात, मग मोठे जोड सुटतात. बाया लांबून बघतात, नाहीतर घरी पाहुण्यांच्या भाकरी थापीत बसतात. पण एक बाई त्या फडात स्वतः उतरली होती. तीही पुरुषांशी लढायला! तिची हकीकत आज वाचू.

तिचे नाव हमीदा बानू. ती उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची. कुस्ती शिकायला ती अलीगढला सलाम पहिलवान या वस्तादाकडे गेली. बाईने लंगोट कसून मातीत उतरावे, हे त्या काळी कोणाला रुचणार? गावात विरोध झाला, पण ती मागे हटली नाही.

तिचा खुराक ऐकाल तर थक्क व्हाल. रोज साडेपाच लिटर दूध, वर मटण, कोंबडी, अंडी, बदाम आणि लोणी! असे त्या वेळची वर्तमानपत्रे लिहीत. वजन १०८ किलो, उंची पाच फूट तीन इंच. रोज सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप. आपल्याकडे दूध आधी पोराला मिळते, उरले तर पोरीला. म्हणून हे मुद्दाम सांगितले.

१९५४ साली तिने पुरुष पहिलवानांना आव्हान दिले, "मला कुस्तीत हरवा आणि माझ्याशी लग्न करा." पतियाळाचा एक पहिलवान हरला. कलकत्त्याचा एक हरला. मे महिन्यात ती बडोद्याला गेली. तिथे एका नावाजलेल्या पहिलवानाने ऐनवेळी अंग काढून घेतले. बाईशी लढणार नाही, म्हणाला. मग बाबा पहिलवान पुढे आला. हमीदाने त्याला १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट केले. लग्न राहिले बाजूला, त्या गड्याने कुस्तीच सोडली! तोवर आपण तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्या, असे हमीदा सांगत असे.

आता आपल्या महाराष्ट्रात काय झाले ते ऐका. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तिथे तिने शोभासिंग पंजाबी याला हरवले. लोकांनी टाळ्या वाजवायच्या की नाही? पण लोक चिडले, त्यांनी दगड मारले. पोलिसांना मधे पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती. राष्ट्रीय तालीम संघाने हरकत घेतली आणि ती रद्द झाली.

हमीदा गप्प बसली नाही. तिने थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. आपला जालना भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता, पण कोल्हापूर आणि पुणे मुंबई राज्यात होते. मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिले, की ती बाई आहे म्हणून बंदी नाही. भरवणारे तिच्यापुढे नकली पहिलवान उभे करतात, अशा तक्रारी आल्या आहेत.

यात खरे किती, खोटे किती? काही कुस्त्या नुरा असतीलही. तिकीट लावून होणाऱ्या कुस्त्यांत पुरुषही नुरा लढतात, हे फडातल्या पोरासोरालाही ठाऊक आहे. पण पुरुष जिंकला तर लोक फेटे उडवतात, आणि बाई जिंकली की कुस्ती खोटी ठरते. हा कुठला न्याय?

त्याच साली मुंबईत तिने व्हेरा चिस्टिलिन हिला एका मिनिटाच्या आत हरवले. व्हेराला लोक रशियाची अस्वलीण म्हणत. मग हमीदाने युरोपात जाऊन लढायचे ठरवले. पण ती गेलीच नाही. फडातूनही दिसेनाशी झाली. पुढे तिच्या नातवाने सांगितले, की तिने जाऊ नये म्हणून वस्तादाने तिला मारले, तिचे हातपाय मोडले. कित्येक वर्षे ती काठी टेकीत चालत होती. जिला आखाड्यात कोणी पाडू शकले नाही, तिची घरात ही गत झाली.

पुढचे आयुष्य तिने कल्याणला काढले. दुधाचा धंदा केला. धंदा बसला तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याच्या कडेला विकले. १९८६ साली ती वारली.

२००४ साली ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती सुरू झाली. २०१६ साली हरियाणाच्या साक्षी मलिकने तिथे पदक मिळवले. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. शेवटची कुस्ती प्रतीक्षा बागडी आणि वैष्णवी पाटील यांच्यात लागली. प्रतीक्षा सांगलीची, ती जिंकली. वैष्णवी कल्याणची. या कुस्तीला कोणी दगड मारले नाहीत.

पाटीवर लिहा : कुस्ती, वस्ताद, कोल्हापूर, कल्याण, मुख्यमंत्री, तक्रार, न्याय.