देण्यापूर्वी एकदा विचारा
(कुटुंबात एकत्र बसून वाचण्यासाठी)



सण जवळ आला की आपण घर झाडायला काढतो. माळ्यावरची जुनी पेटी खाली येते. तिच्यात आजीचे लुगडे, पितळी तांब्या, बाळाचे पहिले झबले आणि दोऱ्याने बांधलेली पत्रे असतात. "हे कशाला ठेवायचे?" असे कोणीतरी म्हणते. मग लुगडे बोहारणीकडे जाते, तांब्या मोडीत जातो आणि पत्रे बंबात. दोन-चार वर्षांनी एखादी लेक माहेरी येते आणि विचारते, "आजीचा तांब्या कुठे आहे?" घरात कोणी बोलत नाही. ही गोष्ट बहुतेक घरांत घडलेली असते. आज तिच्याविषयी थोडा विचार करू.

१. जे हातातून गेले

आपल्या मराठवाड्याला हा धडा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेने दिला. आदल्या रात्री गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. चारच्या सुमारास किल्लारी आणि परिसर हादरला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, त्यामुळे घरे झोपलेल्या माणसांवरच कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे गेली.

माणूस गेल्यावर वस्तूचे दुःख कोण बोलून दाखवणार? तरी ते असते. त्या काळी खिशात मोबाइल नव्हते. खेड्यातल्या घरात फोटो म्हणजे लग्नातला किंवा जत्रेत काढलेला एखादा. तोही ढिगाऱ्यात गेला, तर गेलेल्या माणसाचा चेहरा फक्त मनात उरतो, आणि वर्षे सरतात तसा तो पुसट होतो. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे मिळाली, सरळ रस्ते मिळाले. पण पंचनाम्यात हंड्याची किंमत लिहिता येते. तो हंडा कोणी, कोणत्या दिवशी हातात दिला, हे लिहायला त्यात रकाना नसतो.

किल्लारीच्या माणसांना निवड करायला वेळ मिळाला नाही. आपल्याला मिळतो. म्हणूनच आपण स्वतःच्या हाताने जे घालवतो त्याची रुखरुख वेगळी असते.

२. जे आपण दिले

पूर्वी लग्नात किंवा बारशाला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव कोरून घेत, कधी तारीखही. पुढे स्टील आले. पितळेला कल्हई लागते, चिंच लावून घासावे लागते. म्हणून ती भांडी वजनावर मोडीत निघाली. काट्यावर वजन कळते, कोरलेले नाव कळत नाही. सोन्याचेही तसेच. आईची बोरमाळ आटवून नव्या घडणीचा डाग केला, तर सोने घरातच राहते, पण आईची बोरमाळ राहत नाही.

जात्याची गोष्ट थोडी निराळी आहे. पहाटे उठून दळण्याचे कष्ट परत यावेत असे कोणतीही बाई म्हणणार नाही. गिरणी आली हे चांगलेच झाले. परंतु जात्याबरोबर ओव्याही थांबल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या तरी राहिल्या. जाते अंगणात पालथे पडले याचे फार वाईट वाटायला नको. आजी जिवंत असताना "तू काय गात होतीस?" असे आपण विचारले नाही, याचे वाटते.

३. एका पित्याने काय केले

पुण्यातील दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांचा एकुलता मुलगा राजा लहानपणीच वारला. केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी अशा लोकांच्या घरातील वापराच्या वस्तू जमवल्या. १९७५ मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. आज त्यात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि संग्रहालयाला त्या मुलाचे नाव आहे. त्यांनी दिले आणि जपलेही, कारण काय देतो आणि कोणाच्या आठवणीसाठी देतो हे त्यांना ठाऊक होते. आपली चूक देण्यात नसते. ती घाईत असते, आणि न विचारण्यात असते. जी आठवण घरातल्या दुसऱ्या कोणाची आहे, ती परस्पर देऊन टाकणे याला दान म्हणता येत नाही.

४. आपण काय करावे

(अ) घरात मृत्यू झाल्यावर लगेच कपाट रिकामे करू नका. काही महिने जाऊ द्या. सुरुवातीला जी वस्तू डोळ्यांसमोर नको वाटते, तीच पुढे हवीशी वाटते.

(आ) सर्वांना विचारा. सासरी गेलेल्या मुलींना, पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या मुलांना एक फोन करा.

(इ) सगळे ठेवता येत नाही, दोन खोल्यांच्या घरात तर नाहीच. दहा लुगड्यांतले एक ठेवा, किंवा जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून घ्या.

(ई) वस्तू देण्यापूर्वी तिचा फोटो काढा आणि तिची हकिकत वहीत लिहा: कोणाची, कोठून आली, कधी. घरातील जुन्या फोटोंमागेही मऊ पेन्सिलीने नावे लिहून ठेवा.

(उ) ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरले. अशा वेळी फोटो भिजून एकमेकांना चिकटले, तर ओढून सोडवू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलकेच वेगळे करा, आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. कडक उन्हात ठेवू नका.

शेवटी एक गोष्ट. शुभवर्तमानातील हरवलेल्या नाण्याचा दाखला आपण पुष्कळदा ऐकला आहे. नाणी दहा होती, हरवले एकच, आणि तेही साधारण एका दिवसाच्या मजुरीचे. तरी त्या बाईने दिवा लावला, सारे घर झाडले, आणि नाणे सापडल्यावर शेजारणींना बोलावले. "एका नाण्यासाठी एवढे काय?" असे तिला कोणी विचारल्याचे त्या गोष्टीत नाही. आपल्या घरात कोणी जुन्या तांब्यासाठी हळहळत असेल, तर आपणही हसू नये. तांब्या परत आणता येणार नाही. पण त्याची हकिकत ऐकता येईल, आणि ती लिहून ठेवता येईल.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरातून गेलेल्या कोणत्या वस्तूची आजही आठवण येते? ती कोणाची होती?
२. घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती? तिची हकिकत मुलांना माहीत आहे काय?
३. न विचारता दिलेल्या वस्तूबद्दल घरात कोणाची क्षमा मागायची राहिली आहे काय?