चुंबकाचे कडे आणि सांध्यांचे दुखणे

शेतीचे काम अंगमेहनतीचे. कापूस वेचणे, खुरपणी, ओझी वाहणे, यांनी कंबर धरते, गुडघे दुखतात. मग कोणी म्हणतो, "चुंबकाचे कडे घाला." कोणी म्हणतो, "तांब्याचे घाला, वात ओढून घेते." जत्रेत, बाजारात, मोबाईलवरच्या जाहिरातींत अशी कडी, माळा, अंगठ्या दिसतात. त्या घ्याव्यात की नाही? चला, नीट विचार करू.

विकणारा सांगतो, "रक्तात लोह आहे. चुंबक लोखंड ओढतो. म्हणून कड्याने रक्त जोरात फिरते व दुखणे जाते." ऐकायला खरे वाटते. पण पडताळून पाहा. कधी बोटाला काटा लागून रक्ताचा थेंब आला, तर त्याजवळ चुंबक धरा. थेंब जागचा हलत नाही. रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे नसते. ते दुसऱ्या द्रव्यात बांधलेले असते. मोठ्या दवाखान्यात एम. आर. आय. नावाचे यंत्र असते. त्यातला चुंबक कड्यातल्या चुंबकापेक्षा कितीतरी जोरदार. माणसाला त्यात झोपवून तपासतात. तरी त्याचे रक्त एका बाजूला ओढले जात नाही. मग बोटभर चुंबक काय करणार?

"पण आमच्या शेजाऱ्याला गुण आला ना!" असे तुम्ही म्हणाल. शेजारी खोटे बोलत नाही. सांध्यांचे दुखणे कधी चढते, कधी उतरते. माणूस कडे कधी घेतो? दुखणे फार चढल्यावर. पुढे ते उतरते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते! शिवाय पैसे मोजले, विश्वास बसला, की मनाला धीर येतो. तेवढे दुखणे कमी जाणवते.

मग खरे-खोटे कसे ठरवायचे? इंग्लंडमध्ये यॉर्क येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी एक युक्ती केली. सांधे सुजणाऱ्या संधिवाताचे 70 रोगी त्यांनी घेतले. प्रत्येकाने चार वस्तू पाळीपाळीने पाच-पाच आठवडे मनगटात घातल्या. एक चांगल्या चुंबकाचा पट्टा, एक कमजोर चुंबकाचा, एक चुंबकशक्ती काढून टाकलेला, आणि एक तांब्याचे कडे. दुखणे, सूज, औषधाची गरज, सगळे लिहून ठेवले. 2013 साली निकाल छापला. खऱ्या चुंबकाने बिनचुंबकाच्या पट्ट्यापेक्षा जास्त गुण आला नाही. तांब्यानेही नाही.

कोणी म्हणेल, "गुण नाही तर नाही, नुकसान तर नाही ना?" नुकसान आहे. समजा, एका मजूर बाईची बोटे सकाळी आखडतात, सांधे सुजतात. तिने मजुरीचे पैसे कड्यात घातले आणि वर्षभर वाट पाहिली. तेवढ्यात रोग सांधे पोखरतो. बोटे वाकडी होतात. वाकडी झालेली बोटे पुन्हा सरळ होणे कठीण. मग कापूस कोण वेचणार, भाकरी कोण थापणार? वेळेवर औषध मिळाले असते तर रोग आवरता आला असता. पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. हात गेले तर काय?

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हृदयाची गती राखणारे यंत्र ज्याच्या छातीत बसवले आहे, त्याने चुंबक छातीजवळ आणू नये. लहान मुलांच्या हाती सुटे चुंबक देऊ नयेत. दोन चुंबक गिळले तर ते पोटात एकमेकांना ओढतात, आतड्याला भोक पडते.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. 1954 च्या कायद्याने संधिवातासारखे अनेक रोग बरे करण्याच्या जाहिरातींना व ताईत-कवचाच्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना मनाई आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरातलीच गोष्ट. हे शहर पूर्वीचे औरंगाबाद. टी.व्ही.वर चमत्कारी यंत्रांच्या जाहिराती चालत. एका शिक्षकाने त्याविरुद्ध दाद मागितली. 5 जानेवारी 2021 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अशा जाहिराती बेकायदा ठरवल्या. तो खटला यंत्रांचा होता, चुंबकाच्या कड्यांचा नव्हता. पण धडा एकच. छापून आले, टी.व्ही.वर दिसले, म्हणून ते खरे होत नाही. कोणी फसवले तर पावती जपून ठेवा आणि ग्राहक मदतीच्या 1915 या नंबरवर तक्रार करा.

मग दुखण्यावर काय करावे? गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. 15 ऑगस्ट 2023 पासून तिथे तपासणी व उपचार मोफत आहेत. गरज पडली तर डॉक्टर शहरातल्या घाटी रुग्णालयात पाठवतील. डॉक्टरांना विचारून रोज थोडा व्यायाम करा. वजन आटोक्यात ठेवा. सांधा सुजला, लाल झाला, ताप आला, किंवा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडून राहिला, तर एक दिवसही दवडू नका.

कडे हौसेने किंवा श्रद्धेने घालायचे असेल तर खुशाल घाला. त्याला आमची ना नाही. पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

सांगा पाहू :
1. रक्ताच्या थेंबाजवळ चुंबक धरला तर काय होते?
2. बिनचुंबकाचा पट्टा रोग्यांना का दिला असेल?
3. तुमचे आरोग्य केंद्र कोणत्या गावी आहे? त्याचे नाव वहीत लिहा.